आठव्या खांबाचं मूळ

भावोजी, तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतोच आहे. कचेरीत नकाशावर रेघ ओढताना भांडतो, जेवताना भांडतो, भायखळ्यापासून दादरपर्यंत पायी जाताना तर मोठ्याने भांडतो. परवा एका भाजीवाल्याने डोक्यावरची पाटी सावरत माझ्याकडे पाहिलं आणि रस्त्याची दुसरी कड धरली. पंचाईत अशी की तुम्ही नसताना भांडण संपतच नाही. तुम्ही समोर होतात तेव्हा निदान मी हरायचो आणि चहा प्यायला मोकळा व्हायचो.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक त्याचं जन्मगाव सांगतात, हुद्दा सांगतात, मागे कोण कोण राहिलं ते सांगतात. मला त्यातलं काही नको आहे. तुम्ही माझ्या आक्काचे नवरे, मालवणकडचे सुतार, परळच्या एका गिरणीत नोकरीला, आणि लालबागेतल्या एका खोलीत राहून बारा वर्षं दुसऱ्यांच्या मोडलेल्या घरांतून स्वतःचं घर गोळा करणारे. एवढं पुरे. बाकीचं मला तुमच्याशीच बोलायचं आहे, आणि त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती तुम्ही जिवंत असतानाच बोलायला हवी होती. ती मी टाळली. आत्तासुद्धा टाळतोच आहे बघा, आधी दुसरंच सांगायला घेतलं आहे.

रविवारी गिरणी बंद असली की तुम्ही सकाळीच गिरगावात माझ्या दाराशी हजर. खांद्यावर दोरखंड, कमरेला पटाशी, आणि हाक अशी की साऱ्या वाडीने ऐकावी. "ओव्हरसियर, उठा! सरकारचो दिवस नाय आज, माझो हा." मी साधा नकाशे काढणारा कारकून, पण तुम्ही मला ओव्हरसियरच म्हणायचात आणि आजूबाजूची माणसं ते खरं धरायची. मग मी मुकाट टोपी घालून तुमच्या मागे. कुठे रस्ता रुंद करायला घर पाडत असत, कुठे वाटण्या होऊन जुनं घर उतरवत असत, कुठे माझगावच्या बंदरात थकलेली गलबतं मोडीत काढत असत. तुम्हाला या बातम्या कोण देई कोण जाणे. कुठलं घर मोडतंय हे त्याच्या मालकाच्या आधी तुम्हाला कळायचं असं आक्का म्हणायची.

ती दाराची चौकट आणली तो रविवार मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. गिरगावातच, माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. घर अर्धं उतरवलं होतं, मजूर कौलं हातोहात खाली देत होते, आणि घरच्या म्हाताऱ्या बाई अंगणात पाटावर पाठमोऱ्या बसल्या होत्या, म्हणजे बघायला नको. चौकट सागाची, हाताच्या वितीएवढी जाड. मला वाटलं तुम्ही मुकादमाशी घासाघीस सुरू कराल. तुम्ही सरळ जाऊन त्या बाईंपुढे जमिनीवर बसलात आणि विचारलंत, "आजी, ह्या दारान काय वायट बघल्यान नाय मा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई वळल्या आणि तुमच्याकडे पाहून म्हणाल्या, "या दारातून माझ्या तीन सुना आत आल्या. रुसून एकही बाहेर गेली नाही. न्या तुम्ही."

खटाऱ्यावर तुम्ही त्या चौकटीवर हात ठेवून बसलात, गिरगावापासून लालबागेपर्यंत. मी मागून वीस पावलं सोडून चालत होतो. तुम्हाला वाटलं असेल मला ऊन लागतंय म्हणून मी घरांच्या सावलीने येतो आहे. खरं सांगतो, कचेरीतलं कोणी भेटलं तर तुमच्याबरोबर दिसू नये म्हणून मागे होतो. माझी बहीण मोडक्या सामानाच्या घरात राहणार, हे मला लोकांना सांगायचं नव्हतं. तेव्हा मला त्याची लाज वाटली नाही, आज वाटते.

आणि ज्या माणसापासून मी वीस पावलं मागे चालत होतो, त्यानेच मला अकराव्या वर्षी गावाहून आणून स्वतःच्या एका खोलीत ठेवलं होतं. शाळेत घातलं ते तुम्ही. पेन्सिलीला टोक काढायला शिकवलं ते तुम्ही, तेही चाकूने नाही, पटाशीने. माझ्या पेन्सिलीसारखं टोक साऱ्या वर्गात कोणाचं नसे. पुण्याला नकाशे शिकायला जायचं म्हटलं तेव्हा आक्का रडली आणि तुम्ही माझी पेटी करून दिलीत, एकही खिळा न मारता. ती पेटी आत्ता माझ्या पायाशी आहे. मी हे सगळं तुम्हाला कधी म्हटलं नाही. आपल्यात असं म्हणायची रीतच नव्हती, आपण आपले भांडत असू.

भांडण एकच होतं आणि ते सहा वर्षं चाललं. मी म्हणायचो, विलायती सिमेंट आणा, पिंपातून येतं, पाणी घातलं की एका दिवसात दगड होतं. लोखंडी गर्डर टाका, दोनशे वर्षं बघायला नको. तुम्ही मात्र चुन्यावर अडून. शिंपल्यांचा चुना, तोही विकतचा भाजलेला नाही. माहीमची चांगुणा कोळीण शिंपल्यांच्या पाट्या आणून टाकायची, तुम्ही त्याच्या बदल्यात तिच्या घरच्या होडीची डागडुजी करून द्यायचात, आणि शिंपले दादरला घरासाठी घेतलेल्या जागेवर स्वतः भाजायचात. मग तो चुना भिजवायचा, दगडी चाकाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा, वरून गुळाचं पाणी. वडाळ्याच्या बाजूची वाळू जवळ पडते म्हणून मी एकदा खटारा भरून पाठवला, तर तुम्ही बोटावर घेऊन चाखलीत आणि तसाच परत धाडलात. मिठागराजवळची वाळू भिंतीला आतून खाते म्हणालात. मी पुस्तकात ते आधीच वाचलं होतं आणि तरी पाठवली होती, कारण मला काम लवकर उरकायचं होतं.

"मेल्या, तुझा ता सिमिट येका दिसात घट्ट जाता," तुम्ही म्हणायचात. "मगे फुडे काय करतला? चुनो पन्नास वर्सां घट्ट जायत रवता."

"पण भावोजी, सिमेंटची भिंत पाडायला सुरुंग लावावा लागतो. एवढी पक्की."

"मगे ती बांधतास कित्याक? जा पाडूक येना नाय, ता बांधू नये."

मी हसायचो. घर बांधताना ते पाडायचा विचार कोण करतं? तुम्ही म्हणालात, जो पाडलेल्या घरांतून सामान आणतो तो करतो. चुन्यात लावलेली वीट सोडवली की अख्खी निघते, पुन्हा लागते. तुमच्या जोत्यातल्या विटांनी तुमच्या आधी दोन घरं पाहिली होती आणि पुढेही दोन पाहाव्यात अशी तुमची इच्छा होती. यावरचं चांगलं उत्तर मी अजूनही रोज शोधतो आहे, सापडत नाही, आणि सापडलं तरी आता ऐकवू कोणाला?

आता खांबांकडे येतो. यायलाच हवं.

आठ खांब. बारा वर्षांत एकेक करून आलेले. चार माझगावच्या गलबतांतले, तीन परळच्या एका पडक्या गोदामातले, आणि आठवा, मधला, सगळ्यांत जाड, तोही एका मोठ्या जहाजातला, चारी बाजूंनी सुताराच्या वाकसाने तासलेला. दादरच्या जागेवर माडाच्या झावळ्यांखाली ते शेजारी शेजारी निजवलेले असत. आणि तुमचा नियम असा की झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा राहिला पाहिजे. मुळाकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. तुमच्याकडे हा नियम सगळे सुतार पाळतात हे मला ठाऊक होतं, पण जंगलातून आलेल्या ओंडक्याचं एक वेळ ठीक. जहाजात चाळीस वर्षं आडवं पडलेल्या लाकडाला आता कसलं मूळ नि कसला शेंडा, असं मी म्हणायचो.

"झाड मेला तरी तेका म्हायत आसता, जमीन खंय नि आभाळ खंय," एवढंच तुम्ही म्हणायचात.

मग ते लाकूड नायगावच्या बाजूच्या म्हशींच्या तळ्यात न्यायचं आणि पाण्यावर सोडायचं. मुळाकडचं टोक जड, ते जरा खाली बसतं. तुम्ही काठावर उकिडवे बसून डोळा बारीक करून बघायचात, आणि ठरलं की त्या टोकाला पटाशीने तीन रेघा. सात खांबांनी असं आपलं मूळ सांगितलं. आठव्याने सांगितलं नाही. तो पाण्यावर असा सपाट राहिला की त्यावर पाटी ठेवून लिहिता आलं असतं. म्हशी बाहेर येऊन निघून गेल्या तरी तो हलेना.

तो रविवार तुम्ही सगळा त्या एका खांबापाशी घालवलात. नख फिरवत होतात, गाठी बघत होतात, वास घेत होतात. दुपार कलल्यावर तुम्ही एकदम हाक मारलीत, "बाबल्या, हंय ये, बघ!" मी तेव्हा मातीत काडीने गर्डरची आकृती काढत होतो. मी म्हणालो, "थांबा हो भावोजी, आधी हे ऐका." तुम्ही थांबलात. गर्डर ऐकून घेतलात. मग मला पुन्हा बोलावलं नाहीत, वळून त्या खांबाच्या एका टोकाला तीन रेघा मारल्यात आणि हात झटकलेत. काय बघायला बोलावलं होतंत? हा एक प्रश्न आता माझ्या डोक्यात मुंगळा होऊन फिरतो आहे.

पौषात तुम्हाला ताप आला. उतरेल म्हणत होतो, उतरेना. मला काहीतरी करायचं होतं. औषध आणून झालं, वैद्य झाला, डॉक्टर झाला, तुमच्या उशाशी बसून माझे पाय नुसते हलत राहायचे आणि आक्का म्हणायची, "तू जा रे बाहेर, तुझ्यान मीच आजारी पडान." तेव्हा मला ती कल्पना सुचली. भावोजी बरे होऊन दादरला येतील तेव्हा खांब कसे लखलखीत दिसले पाहिजेत! ते काळे, डागळलेले, जहाजाच्या खिळ्यांची भोकं पडलेले खांब मला कधीच आवडले नव्हते. गिरगावातून दोन रंधा मारणारे बोलावले. तीन दिवस त्यांनी आठही खांब रंधून काढले, वर जवसाचं तेल दिलं. लाकूड असं निघालं, भावोजी, की मध सांडलाय असं वाटावं. मी खूष होतो. तुमच्यासाठी खूष होतो हे खरं, आणि आता कोणी कचेरीतलं आलं तरी घर दाखवता येईल म्हणूनही खूष होतो, हेही खरं.

शेवटच्या दिवशी नुसती टोकं रंधायची राहिली तेव्हा त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं होतं, "साहेब, समद्यांच्या एका टोकाला रेघा हायेत. ठेवायच्या का?"

मी म्हणालो, "काढा. जहाजाचे जुने आकडे असतील."

मी तळ्याकाठी तुमच्याबरोबर बसलेला माणूस. तुमच्या हातातली पटाशी मी पाहिली होती. तरी माझ्या तोंडून हे गेलं, कारण मला गुळगुळीत खांब हवा होता आणि तो हवा असताना दुसरं काही आठवलं नाही. यात माझा काही वाईट हेतू नव्हता असं मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे. हेतू चांगला होता म्हणून रेघा परत येत नाहीत.

त्याच संध्याकाळी मी लालबागेत आलो, तुम्हाला ती खूषखबर द्यायला. तुम्ही जागे होतात, बऱ्याच दिवसांनी डोळे स्वच्छ होते. मी तोंड उघडणार तोच तुम्ही म्हणालात, "बाबल्या, मी नसलंय तरी माझ्या हाताखालचो सखाराम घर उभा करीत. शिमग्याक गावाक जायच्या आदी करा म्हणा. मुळाकडे तीन तीन रेघो मारून ठेवलंय. खुणो हत मा?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. आणि मी म्हणालो, "आहेत भावोजी. आजच पाहिल्या."

पाहिल्या होत्या, सकाळी. दुपारी त्या नव्हत्या. एवढ्याशा फटीतून मी बाहेर सटकलो. तुम्ही समाधानाने डोळे मिटलेत, आक्काने माझ्याकडे पाहून मान हलवली की बघ कसे शांत झाले, आणि चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. तुम्ही गेलात याचं दुःख मला करता आलं नाही. सगळे रडत होते आणि मी मनात खांब मोजत होतो. सात तर तळ्यात सोडून पुन्हा शोधता येतील, पण आठव्याचं काय? त्याचं मूळ साऱ्या मुंबईत एका माणसाला ठाऊक होतं आणि त्याला आम्ही खांद्यावर घेऊन निघालो होतो.

तेराव्यानंतर घरात बोलणी सुरू झाली. भावकीतले म्हणाले, वर्षभर घराचं काम काढू नये. एका ठेकेदाराचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याला एका चाळीसाठी सगळं लाकूड एकगठ्ठा हवं होतं. आक्काने पोरांना घेऊन गावी जावं आणि पुढचं पुढे बघावं, असं बहुतेकांचं मत पडलं. आक्का ऐकत होती. मग म्हणाली, "ह्या शुभकार्य नाय, ह्या छप्पर हा. माझ्या पोरांच्या डोक्यार व्हया. सखारामाक सांगा, येतल्या सोमवारी खांब उभे करूचे." आणि माझ्याकडे वळून, "तू कचेरीत रजा टाक. तेंच्या जाग्यार तू."

तुमच्या जागी मी. त्या सोमवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. तीनदा ठरवलं की आक्काला सांगून टाकू. तीनदा लालबागेपर्यंत गेलो, पोरांना खाऊ दिला आणि परत आलो. मी स्वतःशी म्हणायचो, अरे, तू शिकलेला माणूस, खांब उलटा काय नि सुलटा काय, भार सारखाच पेलतो. कोणतंही टोक दाखव आणि मोकळा हो. हिशेबाने ते बरोबरच आहे. मग डोळ्यांपुढे आक्का त्या खांबाला टेकून तांदूळ निवडत बसलेली दिसायची आणि तो हिशेब पुढे सरकायचा नाही.

सोमवारी सखाराम आपली चार माणसं घेऊन आला. तुमचाच गाववाला, तुमच्याच हाताखाली शिकलेला. त्याने झावळ्या काढल्या, खांब बघितले आणि क्षणभर खूष झाला. मग वाकून टोकं बघू लागला. एक, दुसरा, तिसरा. आठवा बघून झाल्यावर तो उभा राहिला.

"मूळ खंयचा ता सांग," तो मला म्हणाला. "खुणो दिसनत नाय. उलटो खांब मी उभो करूचय नाय. परवा आमी गावाक जातलंव."

आक्का चार पावलांवर होती. शिंपल्यांच्या पाट्या घेऊन चांगुणा त्याच वेळी आली होती. तिला तुमचं काही कळलंच नव्हतं. "मिस्तरी कुठं हाय? चार पाट्या सांगलेल्या त्यानी," असं ती विचारत होती आणि आक्काच्या कपाळाकडे बघून अर्ध्यावर थांबली होती. तिने पाट्या खाली ठेवल्या, पण डोक्यावर पाटी असल्यासारखे तिचे हात तसेच वर राहिले. आता टाळायला जागाच उरली नव्हती.

"रेघा मी काढून टाकल्या," मी म्हणालो. "खांब रंधून घेतले. मला कळायला हवं होतं, कळलं नाही."

आक्का म्हणाली, "तेंका म्हायत होता?"

"नाही. त्यांनी विचारलं तेव्हा आहेत म्हणून सांगितलं."

भावोजी, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदर खोचला आणि सखारामाला म्हणाली, "तळ्यार घेवन चला."

चांगुणा मागून आली. डोळे पुसत पुसतच तिने सांगितलं, "गोड्या पान्याचं हाय ना तळं? खाऱ्यात टाकू नका, खाऱ्यात समदी सारखीच तरंगतात." तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बघ ओव्हरसियर, शिक हिच्याकडून.

सात खांबांनी सांगितलं. तेल प्यायलेले होते तरी सांगितलं, थोडा वेळ घेतला इतकंच. प्रत्येक वेळी सखाराम पाण्यात उतरून टोकाला रेघा मारायचा आणि माझा एकेक श्वास सुटायचा. मग आठवा सोडला. मी गुडघाभर चिखलात उभा राहून दोन्ही टोकांकडे बघत राहिलो. वारा नव्हता. मी मनात तुम्हाला हाका मारत होतो, लाज वाटत नाही सांगायला. एक टोक बोटभर जरी खाली गेलं असतं तरी मी तुमचे सगळे नियम जन्मभर पाळले असते. तो सपाट राहिला. उचलून फिरवून पुन्हा सोडला. सपाटच राहिला. सखारामाने गाठी शोधल्या, पण ज्या काही गाठी तुम्हाला दिसल्या असतील त्या माझ्या रंध्याखाली भुसा होऊन गेल्या होत्या.

"ह्याचा आता देवाकच म्हायत," सखाराम म्हणाला आणि पागोट्याने तोंड पुसलं. "हो सोडून दुसरो बघूक व्हयो. शिमगो जावंदे, मगे बघूया."

शिमग्यानंतर म्हणजे केव्हा, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. तोपर्यंत भावकीचं मत पक्कं झालं असतं आणि ठेकेदाराचा खटारा येऊन उभा राहिला असता.

आक्का पुढे झाली. खांब काठावर ओला पडला होता. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, तिथून परत आली. मग एका टोकाशी बसली आणि त्यावर पालथा हात ठेवला.

"ह्यां मूळ," ती म्हणाली. "मार रेघो."

सखाराम जागचा हलला नाही. घराच्या मुख्य खांबाला पहिला हात सवाष्णीचा लागतो हे त्याला ठाऊक, तिला ठाऊक, मलाही ठाऊक. त्याची माणसं तळ्याकडे बघू लागली. "वयनी," तो कसाबसा म्हणाला, "तुमचो हात..."

"दुसरा कोण हा?" आक्का म्हणाली. हात तिने काढला नाही.

सखारामाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणावं अशी त्याची अपेक्षा असावी, हो किंवा नाही. तुमच्या जागेवर मी होतो ना? मग त्याने स्वतःच पटाशी काढली, आक्काच्या बोटांशेजारी तीन रेघा मारल्या आणि त्या रेघांना हात लावून कपाळाला लावला. दुपारच्या आत आठही खांब उभे राहिले. मधल्याला मीच ओळंबा लावला. दोरी केसभरही इकडेतिकडे नव्हती. खांब सरळ आहे एवढं दोरीने सांगितलं, त्याहून जास्त दोरीला सांगता येत नाही. चांगुणा जाताना म्हणाली, चार पाट्या आणखी लागतील, पुनवेनंतर आणीन, त्याबद्दल काही देऊ नका.

संध्याकाळी मी आणि आक्का परळच्या वाटेने लालबागेकडे चालत निघालो. गिरण्या सुटायच्या होत्या, रस्ता मोकळा होता. तिच्या हाताला ओल्या लाकडाचा वास येत असावा, ती मधूनच हात नाकाशी नेत होती. मला राहवेना. मला वाटत होतं, तुम्ही तिला कधीतरी सांगून ठेवलं असणार, एखादी गाठ दाखवली असणार. त्या रविवारी मी ऐकलं नाही ते घरी जाऊन तिला ऐकवलं असणार. तसं असतं तर माझं ओझं किती हलकं झालं असतं! शेवटी मी विचारलंच.

"आक्का, तुला मूळ कसं कळलं?"

ती चालायची थांबली नाही.

"माका खंय म्हायत? कोणीतरी सांगूक व्हया होता. ते गेले. तू गप रवलंस."